माऊस बाजूला ठेवून पाहा

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेतून सुटला असेल. पहलगामच्या हल्ल्याला जेमतेम आठवडा झाला होता आणि वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला फारशी जागा नव्हती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने त्या दिवशी असं म्हटलं, की इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रेशन, पेन्शन, बँक, दवाखान्याची वेळ, रेल्वेचं तिकीट हे सगळं जर पडद्यावर गेलं असेल, तर त्या पडद्यापर्यंत पोचता न येणारा माणूस या सगळ्यालाच मुकतो, हा त्यामागचा साधा विचार.

प्रकरण दोन याचिकांचं होतं. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँकेत खातं उघडायला गेल्यावर त्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायला सांगितलं गेलं, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे हे यंत्राला पटेल. हल्ल्यात डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ते त्यांना शक्य नव्हतं. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन हे अंध वकील, त्यांचीही अडचण केवायसीचीच. न्यायालयाने एकूण २० निर्देश दिले. पापणीला पर्याय ठेवा, अंगठ्याचा ठसा मान्य करा, कागदावरची केवायसी बंद करू नका, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा पाहावा, आणि संकेतस्थळं व ॲप दिव्यांगांना वापरता येतात की नाही याची जाणकारांकडून ठरावीक काळाने तपासणी करून घ्या, असं त्यांत आहे.

बातमीत पापणी गाजली, ते साहजिकच आहे. पण या निकालाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती इतकी साधी की तिच्यावर कोणी बातमी करणार नाही. ती म्हणजे माऊस.

मागच्या दिवाळीत आपल्या एका जुन्या सभासदांकडे, बरकतपुऱ्यात, फराळाला गेलो होतो. नाव लिहीत नाही, काकांना आवडणार नाही. तीस-बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत काढली, त्यातली बरीचशी कॉम्प्युटरसमोर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. डावा चालतो. त्या डाव्या हाताने माऊस धरला की बाण पडद्यावर भरकटतो, छोट्या चौकोनावर नेमका थांबत नाही. पण त्याच डाव्या हाताने कीबोर्डवर मात्र ते अजून बऱ्यापैकी चालतात, कारण त्यांचं सगळं शिक्षणच माऊस नसलेल्या काळातलं. डॉसवरचं वर्डस्टार ज्यांनी वापरलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरचा कारकून पडद्याकडे न बघता बोटं चालवायचा, तसं.

काकांना त्या दिवशी एका मुदत ठेवीचं नूतनीकरण करायचं होतं. बँकेचं संकेतस्थळ उघडलं, टॅबची कळ दाबत दाबत खाली जायला लागले. वरची जाहिरात, कर्जाच्या योजना, विम्याच्या योजना, सगळ्या लिंकांवरून एकेक पाऊल टाकत. मी मनात मोजत होतो, चाळिशीपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. मग पडद्यावरची ती खूण, आपण आत्ता कुठे उभे आहोत हे दाखवणारी निळी चौकट, नाहीशीच झाली. अंदाजाने आणखी काही वेळा टॅब दाबला. शेवटी फॉर्म सापडला, भरला, आणि 'पुढे' या बटणावर टॅब जाईच ना. वरून खाली, खालून वर, सगळीकडे जातो, त्या एका बटणावर जात नाही. इतक्यात वेळ संपल्याची सूचना आली आणि पान बंद.

"आता वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारायची," काका म्हणाले. तो येतो, काकांचा पासवर्ड टाकतो, काकांच्या मोबाइलवरचा ओटीपी वाचतो आणि दोन मिनिटांत काम करून जातो. "मुलगा चांगला आहे हो. पण पासवर्ड माझा आहे ना."

एकीकडे बँका रोज संदेश पाठवतात, पासवर्ड कोणाला सांगू नका, ओटीपी कोणाला सांगू नका, घरच्यांनाही सांगू नका. दुसरीकडे एक बटण असं बनवायचं की सांगितल्याशिवाय इलाज राहू नये. काकांची अडचण त्यांच्या हातात आहे असं आपण समजतो. तो हात तर त्या बटणाच्या उंबरठ्यापर्यंत व्यवस्थित गेला होता.

ज्यांनी कधी करून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कॉम्प्युटरवर कुठलंही पान उघडा आणि माऊस बाजूला ठेवा. टॅब दाबलात की पानावरच्या पहिल्या लिंकवर किंवा बटणावर जाता. पुन्हा दाबलात की पुढच्या. शिफ्ट धरून टॅब दाबलात की मागे. एंटर म्हणजे उघडणं, स्पेस म्हणजे बटण दाबणं किंवा चौकोनात खूण करणं, बाणांच्या कळांनी यादीतून निवड, एस्केपने मध्येच आलेली खिडकी बंद. एवढंच. ब्राउझरमध्ये हे जन्मापासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक केलं, पण घरोघरी माऊस यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि वेब सुरू झालं तेव्हाही अनेक विद्यापीठांत ते निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर कीबोर्डनेच पाहिलं जात होतं. म्हणजे माऊसशिवाय वेब वापरणं ही दिव्यांगांसाठी नंतर केलेली सोय नव्हे. ते मुळात होतंच. आपण ते मोडलं.

आणि याची गरज काही फक्त काकांसारख्यांनाच आहे असं नाही. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते. एनव्हीडीए हे त्यातलं मोफत मिळणारं, ऑस्ट्रेलियात २००६ साली एका अंध तरुणाने सुरू केलेलं. बाण कुठे आहे हेच दिसत नसेल तर माऊसचा उपयोग काय? ती व्यक्ती सगळा कारभार कीबोर्डवरूनच करते. ज्यांचे दोन्ही हात चालत नाहीत ते तोंडात काडी धरून कळा दाबतात, किंवा मान, पाय, नळीतली फुंकर यांनी चालणारं एखादं बटण वापरतात, आणि ते बटण बहुतेक वेळा कॉम्प्युटरला "टॅब दाबला", "एंटर दाबला" असंच सांगत असतं. कंपवात असलेल्यांचं तर उघडच आहे. पार्किन्सन हा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, आता २१ आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांत हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांहून अधिक. ही मोजणी जुन्या व्याख्येनुसारची आणि आता चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या आपल्या मावश्या-आत्यांना त्यात कोणी धरलं असेल असं वाटत नाही. त्या स्वतःला दिव्यांग म्हणवूनही घ्यायच्या नाहीत. त्या फक्त "मला नाही जमत ते कॉम्प्युटर" असं म्हणतात आणि आपण ते खरं मानतो.

म्हणजे प्रकार वेगवेगळे, साधनं वेगवेगळी, पण पान कीबोर्डने चालत असेल तर बहुतेक सगळी साधनं चालतात, आणि कीबोर्डने चालत नसेल तर बहुतेक सगळी अडतात. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने या विषयावर जे निकष ठरवले आहेत, त्यांत कीबोर्डची अट सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पातळीवर ठेवलेली आहे. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून ती या ना त्या शब्दांत आहे. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्टच म्हटलं, की जे माऊसने करता येतं ते कीबोर्डनेही करता आलं पाहिजे, आणि टॅब एखाद्या ठिकाणी जाऊन अडकून पडता कामा नये. त्याच्या वरच्या पातळीवर, आपण कुठे आहोत ते डोळ्यांना दिसलं पाहिजे ही अट. २०२३ च्या आवृत्तीत ओढून न्यायच्या गोष्टींचीही भर पडली. चित्राचा तुकडा ओढून जागेवर बसवा, असं सांगणारी कोडी पाहिली असतील तुम्ही. जे ओढून करायचं त्याला साध्या टिचकीचाही पर्याय हवा.

मग मोडतं कुठे? यात काही कट-कारस्थान नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. वरवर पाहता क्षुल्लक कारणं असतात. निळी चौकट डिझायनरला कुरूप वाटते, तो प्रोग्रामरला ती काढायला सांगतो, आणि एका ओळीत ती सगळ्या संकेतस्थळावरून जाते. ज्याला माऊस आहे त्याला फरक कळतच नाही. दुसरं म्हणजे बटणं. ब्राउझरला बटण म्हणून ओळखता येईल असं बटण बनवण्याची रीत ठरलेली आहे आणि ती सोपी आहे. पण तयार बटणाचं रूप बदलायचा कंटाळा म्हणून नुसती एक रंगीत चौकट काढून तिच्यावर "टिचकी मारली तर असं कर" एवढंच लिहितात. आपल्याला ते बटण दिसतं. ब्राउझरच्या लेखी ती नुसती चौकट, भिंतीवरच्या रंगवलेल्या दारासारखी. काकांचं 'पुढे' बहुधा तसलंच होतं. तिसरं, माऊस वर नेला की उघडणाऱ्या याद्या, ज्या टॅबने उघडतच नाहीत. चौथं, जन्मतारखेची ती कॅलेंडरं, आत शिरलात की बाहेर येता येत नाही आणि १९४८ साल गाठायला महिना-महिना करत मागे जावं लागतं. सरळ आठ आकडे टाइप करू द्यायला काय हरकत असते, मला कधी कळलं नाही.

सुरक्षिततेच्या नावाखालीही बरंच मोडतं. काही ठिकाणी पासवर्ड कीबोर्डने टाइपच करू देत नाहीत, पडद्यावर आकडे उलटसुलट मांडून ते माऊसने टिपायला लावतात. हेतू चांगला, कळा चोरून नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून बचाव. पण ज्याला टिपता येत नाही तो पुन्हा वरच्या मजल्यावरच्या पोराकडे. आणि वेळेची मुदत. एका हाताने, टॅबने, चाळीस लिंका ओलांडून येणाऱ्याला आणि दोन हातांच्या पंचविशीतल्या मुलाला एकच घड्याळ लावायचं, आणि "आणखी वेळ हवा का" असंही विचारायचं नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर निकषांचा भंग सापडला, पानामागे सरासरी ५१ चुका. आणि यंत्राला सापडतात त्या सोप्या चुका. टॅब अडकतो का, हे अनेकदा माणसानेच बसून पाहावं लागतं.

इथे कायद्याकडे वळायला हवं, कारण आपल्या हैदराबादचा त्यात हात आहे. २०१६ चा कायदा चांगला होता. सार्वजनिक सेवा देणाऱ्यांनी, खासगी असले तरी, त्या दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या, त्यासाठी दोन वर्षांची मुदत, मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. पण कायद्याखाली २०१७ साली जे नियम आले, त्यांतल्या १५ व्या नियमाने निकष म्हणून वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं. सूचना म्हणजे सूचना. "करावे" आणि "करणे इष्ट" यांत किती अंतर असतं ते सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सार्वजनिक ठिकाणं दिव्यांगांना वापरता यावीत म्हणून याचिका केली होती, ती इतकी वर्षं चालूच होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष परिस्थिती पाहून अहवाल द्यायचं काम सोपवलं ते शामीरपेटच्या आपल्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अभ्यास केंद्राकडे. त्या अहवालाच्या आधारे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, न्यायालयाने हा १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक, हे चालणार नाही. ज्या अटी मोडताच येणार नाहीत अशा किमान अटी वेगळ्या काढा आणि तीन महिन्यांत त्यांचे सक्तीचे नियम करा, असा आदेश दिला.

ठरलेल्या तीन महिन्यांत ते नियम आले नाहीत. त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांनी वर सांगितलेला एप्रिलचा निकाल आला, आणि त्याने हक्क तर मूलभूत हक्कांच्या रांगेत नेऊन बसवला. मला इथेच थोडी काळजी वाटते. छत मोठं सुंदर झालं आणि जमीन अजून पक्की नाही, अशी ही अवस्था आहे. कलम २१ चा हक्क घेऊन काका उच्च न्यायालयात जाणार नाहीत, ठेवीच्या नूतनीकरणासाठी कोणीच जात नाही. त्यांना हवं आहे ते एवढंच, की बँकेने पान लोकांसमोर ठेवण्याआधी कोणीतरी टॅब दाबून पाहिला असावा, आणि नसेल पाहिला तर कोणाला तरी त्याचा जाब द्यावा लागावा. त्या दृष्टीने सेबीने ३१ जुलै २०२५ ला काढलेलं परिपत्रक मला निकालाच्या मोठमोठ्या वाक्यांपेक्षा अधिक मोलाचं वाटतं. शेअर दलाल, म्युच्युअल फंड अशा आपल्या अखत्यारीतल्या सगळ्यांना सेबीने संकेतस्थळांची आणि ॲपची तपासणी करून अहवाल द्यायला सांगितलं. रुक्ष कागद आहे, पण त्याच्याखाली तारखा आहेत.

तपासणी म्हटली की पळवाटही तयार असते. तुम्ही काही संकेतस्थळांच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं किंवा हात पसरलेल्या माणसाचं निळं चित्र पाहिलं असेल. टिचकी मारली की अक्षरं मोठी करा, रंग बदला, असली पाटी उघडते. पुष्कळ संस्थांची समजूत अशी की ते चित्र चिकटवलं की काम झालं. खालचं बटण रंगवलेलं दारच असेल तर वर कितीही पाट्या लावा, दार उघडत नाही. अमेरिकेत असं एक तयार साधन विकणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीने दावा केला होता की तिच्या साधनाने कुठलंही संकेतस्थळ आपोआप निकषांत बसतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या दाव्याबद्दल तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे ते निळं चित्र पाहून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता एक गोष्ट जरा स्पष्टपणे बोलतो, राग मानू नका. ही पानं बनवतं कोण? जगातल्या कितीतरी बँकांची, दुकानांची, विमान कंपन्यांची पानं माधापूर आणि गच्चीबावलीत बनतात. बनवणारी मुलं आपल्या काचीगुडा-नारायणगुड्याच्या घरांतून गेलेली आहेत. २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात यासंबंधीचा कायदा लागू झाला. तिथल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना टॅबचा क्रम, दिसणारी चौकट, खरं बटण हे सगळं आता करावंच लागतं, आणि आपली मुलं ते करतात, त्यांना येतं. माझ्या नात्यातल्याच एकाला विचारलं, की मग इथल्या कामात का करत नाही? तो म्हणाला, "काका, क्लायंटने मागितलं तर करतो." खोटं बोलला नाही बिचारा. इथल्या क्लायंटने मागितलं नव्हतं, कारण क्लायंटला कोणी विचारलं नव्हतं.

मराठीपुरता एक मुद्दा राहिला आहे, तो दुसऱ्या कोणी मांडेल असं वाटत नाही म्हणून मांडतो. एका हाताने इंग्रजी टाइप करणं आणि एका हाताने मराठी टाइप करणं यांत फार फरक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर क, ग, त, प ही अक्षरं साध्या कळीवर आहेत आणि त्यांची महाप्राण भावंडं ख, घ, थ, फ शिफ्ट धरून. काना, वेलांटी साध्या कळीवर, पण पूर्ण स्वर शिफ्टवर. म्हणजे 'आई' लिहायचं तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट. 'भाऊ' लिहायचं तरी दोनदा. इंग्रजीत 'मदर' लिहिताना पहिलं अक्षर मोठं हवं असेल तरच शिफ्ट लागते. एका हाताच्या माणसाला एकाच वेळी दोन कळा, त्याही कधी कीबोर्डच्या दोन टोकांना, दाबायच्या म्हणजे बोटांची कसरत. याला उपाय विंडोजमध्ये कित्येक वर्षं पडून आहे, स्टिकी कीज नावाचा. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की तो विचारतो, सुरू करू का? सुरू केला की आधी शिफ्ट दाबून सोडायची, मग दुसरी कळ सावकाश दाबायची, यंत्र दोन्ही एकत्र दाबल्यासारखंच धरतं. बहुतेक तरुण मंडळींना ही खिडकी खेळ खेळताना मध्येच उपटणारा त्रास म्हणून माहीत आहे. काकांना ती सुरू करून दिली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय लिहिलं असेल? 'भाऊबीज'. दिवस तोच होता. चार अक्षरांत दोन वेळा शिफ्ट, आणि कुठेही अडखळले नाहीत.

हे सगळं इतरांना सांगायच्या आधी आपल्या मंडळाचं संकेतस्थळ तपासावं म्हणून एका रविवारी काका, मी आणि संकेतस्थळ सांभाळणारी आपली कार्यकर्ती असे तिघं बसलो. माऊसची वायर काढून खिशात घातली. वरची यादी टॅबने उघडत नव्हती, त्यामुळे गणेशोत्सवाच्या स्पर्धांची नावनोंदणी कुठे आहे ते कीबोर्डवाल्याला कळायचा मार्गच नव्हता. सभासदत्वाच्या अर्जात जन्मतारखेचं तेच ते कॅलेंडर, काका आत शिरले आणि अडकले. मागचे दिवाळी अंक तर आपण पानांचे फोटो काढून चढवले आहेत, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात एक अक्षरही सापडणार नाही. म्हणजे इतरांना नावं ठेवायची सोय उरली नाही. निळी चौकट मात्र आपल्याकडे शाबूत होती. ती काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं म्हणून.

यादी आणि कॅलेंडर त्याच दुपारी दुरुस्त झाले, चहाच्या दोन फेऱ्यांत. पानाच्या सुरुवातीला "थेट मजकुराकडे जा" अशी एक लिंकही टाकली आहे, एरवी दिसत नाही, टॅब दाबला की पहिली तीच येते आणि वरच्या सगळ्या लिंका टाळता येतात. तुम्हीही दाबून पाहा. दिवाळी अंकांचं काम मोठं आहे, ते पुन्हा टाइप करावे लागतील आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. वर्गणी भरायचं पान आपलं नाही, ते एका कंपनीचं आहे, आणि त्यातही एक रंगवलेलं दार आहे. त्यांना पत्र गेलं आहे, अजून उत्तर नाही. काकांची यंदाची वर्गणी रोखीने घेतली आहे.